क्रमित क्षेत्रे, त्यांचे गाल्वा गट आणि इन्व्हॉल्यूशन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.ला गाल्वा सिद्धांत होतो, पाचव्या घाताच्या समीकरणाची उकल करणींमध्ये का मांडता येत नाही ते कळते, आणि बहुतेकांचा या विषयाशी संबंध तिथेच संपतो. खरी गंमत त्याच्या पुढे सुरू होते. संख्यांमधला लहान-मोठेपणा हा बीजगणिताच्या बाहेरचा प्रकार वाटतो, पण तो गाल्वा गटात दोन कोटीच्या घटकांच्या रूपाने जसाच्या तसा उतरलेला असतो. खालचे सगळे प्रश्न या एकाच गोष्टीभोवतीचे आहेत. गट, उपगट, क्षेत्र-विस्तार आणि गाल्वा संगती एवढे माहीत असेल तर वाचायला अडचण येऊ नये.

चिन्हे थोडीच आहेत. क हे क्षेत्र. क च्या बैजिक संवृतीचे जे ऑटोमॉर्फिझम क च्या एकाही घटकाला हलवत नाहीत, त्यांचा गट म्हणजे क चा निरपेक्ष गाल्वा गट. तो ग(क) असा लिहू. वेगळे सांगितले नसेल तर क ची कॅरॅक्टरिस्टिक शून्य धरावी.

क्षेत्रावर क्रम बसवणे म्हणजे नेमके काय?

क्षेत्रातले कोणते घटक धन मानायचे ते ठरवणे. अटी दोनच. धन घटकांची बेरीज आणि गुणाकार धनच यायला हवेत. शून्य सोडून कोणताही घटक घेतला तर तो किंवा त्याचा विरुद्ध घटक, यांपैकी नेमका एक धन असायला हवा.

यावरून लगेच कळते की शून्येतर घटकाचा वर्ग नेहमी धन असतो. म्हणजे १ धन, −१ ऋण, आणि −१ ही वर्गांची बेरीज कधीच होऊ शकत नाही. संमिश्र संख्यांवर क्रम बसत नाही तो याचमुळे, कारण तिथे −१ स्वतःच एक वर्ग आहे. उलट दिशेचे विधान मात्र उघड नाही. एमिल आर्टिन आणि ओटो श्रायर यांनी १९२७ मध्ये हॅम्बुर्गमध्ये ते सिद्ध केले: −१ वर्गांची बेरीज नसेल तर त्या क्षेत्रावर निदान एक तरी क्रम बसतोच. (श्रायर १९२९ मध्ये, वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी गेले. इतक्या थोड्या काळात त्यांनी मागे ठेवलेले काम पाहिले की मन भरून येते.)

एकाच क्षेत्रावर अनेक क्रम बसू शकतात. परिमेय संख्यांवर एकच बसतो. त्यांना √२ जोडून मिळणाऱ्या क्षेत्रावर दोन बसतात, कारण √२ धन मानले तरी चालते आणि ऋण मानले तरी चालते. २ चे घनमूळ जोडले तर एकच क्रम मिळतो, कारण त्या घनमुळाच्या तीन संयुग्मी संख्यांपैकी एकच वास्तव आहे.

गट प्रोफायनाइट आहे, हे मुद्दाम का सांगावे लागते? नुसता गट म्हटले तर काय बिघडते?

विस्तार अनंत असेल तर उपगट आणि मधली क्षेत्रे यांची एकास-एक संगती मोडते. हे डेडेकिंड यांनी १९०१ मध्येच लक्षात आणून दिले होते. प घटकांचे सांत क्षेत्र घ्या. प्रत्येक घटकाचा प-वा घात घेणारा फ्रोबेनियस नकाशा एक अनंत चक्रीय उपगट निर्माण करतो. तो पूर्ण गाल्वा गटापेक्षा कितीतरी लहान आहे, तरी दोघांची स्थिर क्षेत्रे एकच.

१९२८ मध्ये क्रुल यांनी यावर तोडगा काढला. गटावर टोपोलॉजी द्यायची आणि फक्त संवृत उपगट मोजायचे. मग संगती पुन्हा तंतोतंत जुळते. या टोपोलॉजीत ग(क) कॉम्पॅक्ट असतो, हाउसडॉर्फ असतो, आणि एकक घटकाभोवती सांत निर्देशांकाचे विवृत प्रसामान्य उपगट वाटेल तितके लहान मिळतात. असा गट म्हणजे प्रोफायनाइट गट. एकमेकांशी जुळणाऱ्या सांत गटांच्या माळेवरून तो पूर्ण ठरतो, आणि आपण त्याच्याविषयी जे काही सिद्ध करतो ते शेवटी त्या सांत गटांवरच येऊन ठरते.

इन्व्हॉल्यूशन कशाला म्हणतात?

ज्याची कोटी नेमकी दोन आहे अशा घटकाला, म्हणजे एकक नसून ज्याचा वर्ग एकक येतो त्याला. ओळखीचे उदाहरण म्हणजे संमिश्र संख्यांचे संयुग्मन, √−१ चे −√−१ करणारे.

निरपेक्ष गाल्वा गटात तीन, पाच किंवा चार कोटीचे घटक का सापडत नाहीत?

हा आर्टिन-श्रायर प्रमेयाचा गाभा आहे. त्याची सिद्धता इतकी आटोपशीर आहे की ती इथेच देतो. एकदा कागदावर स्वतः उतरवून पाहावी.

समजा ग(क) मध्ये प या अविभाज्य कोटीचा घटक स आहे. त्याचे स्थिर क्षेत्र म. मग बैजिक संवृती ही म वर प डिग्रीचा चक्रीय विस्तार झाली. एकचे प-वे मूळ म मध्येच असते, कारण त्याची म वरील डिग्री प−१ पेक्षा जास्त असू शकत नाही आणि ती प ला भागणारीही हवी. म्हणून कुमर सिद्धांतानुसार बैजिक संवृती मिळते ती म ला एक घटक ब जोडून, ज्याचा प-वा घात अ हा म मध्ये आहे.

आता ब चेही प-वे मूळ घ्या, त्याला च म्हणू. बैजिक संवृतीत ते असतेच. ब चा नॉर्म, म्हणजे त्याच्या सगळ्या संयुग्मी घटकांचा गुणाकार, काढा. प विषम असेल तर एकच्या सगळ्या प-व्या मुळांचा गुणाकार १ येतो, म्हणून ब चा नॉर्म अ येतो. पण ब हा च चा प-वा घात आहे, तेव्हा अ हा च च्या नॉर्मचा प-वा घात झाला, आणि तो नॉर्म तर म मध्येच आहे. म्हणजे अ चे प-वे मूळ म मध्येच सापडले आणि विस्तार कोसळला. विषम प अशक्य.

प = २ असेल तर चिन्ह बदलते: ब चा नॉर्म −अ येतो. त्यामुळे अ नव्हे, −अ हा म मधला वर्ग ठरतो. म्हणजेच म मध्ये √−१ नाही, आणि बैजिक संवृती म्हणजे म ला √−१ जोडून मिळणारे क्षेत्र. या एका वजा चिन्हावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे.

यातून लक्षात ठेवायची गोष्ट अशी: प्रत्येक इन्व्हॉल्यूशन √−१ ला हलवते. आता चार कोटीचा घटक स घ्या. त्याचे स्थिर क्षेत्र म. स चा वर्ग हे इन्व्हॉल्यूशन, म्हणून त्याच्या स्थिर क्षेत्रात √−१ नाही, आणि अर्थात म मध्येही नाही. पण चार डिग्रीच्या चक्रीय विस्तारात मधले क्षेत्र एकच असते. ते म ला √−१ जोडून मिळणारे क्षेत्रच असायला हवे, आणि तेच स च्या वर्गाचे स्थिर क्षेत्रही आहे. विसंगती. दोन वेगळी इन्व्हॉल्यूशन्स एकमेकांशी कम्यूट करत असतील तर आणखी सोपे: दोघीही √−१ चे चिन्ह बदलतात, म्हणून त्यांचा गुणाकार √−१ ला जागचे हलवत नाही, पण तो गुणाकारही इन्व्हॉल्यूशनच आहे. पुन्हा विसंगती.

थोडक्यात, ग(क) चा कोणताही सांत उपगट एक किंवा दोन घटकांचाच असतो. कॅरॅक्टरिस्टिक शून्य नसली तरी हे प्रमेय लागू आहे. तिथे प ही कोटी कॅरॅक्टरिस्टिकइतकीच असेल तेव्हा वेगळा युक्तिवाद लागतो, आणि क्षेत्राची कॅरॅक्टरिस्टिक धन असेल तर इन्व्हॉल्यूशन मुळीच नसते.

मग इन्व्हॉल्यूशन आणि क्रम यांचा संबंध काय?

ग(क) मधले एक इन्व्हॉल्यूशन घ्या. त्याचे स्थिर क्षेत्र म. वर पाहिले तसे म ला √−१ जोडले की बैजिक संवृती मिळते. अ + ब√−१ या घटकाचे वर्गमूळ काढून दोन्हीकडचे नॉर्म घेतले की अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग ही बेरीज म मधलाच एक वर्ग ठरते. म्हणजे म मध्ये वर्गांची बेरीज नेहमी वर्गच येते, आणि −१ तर वर्ग नाही. म वर एकच क्रम बसतो: शून्येतर वर्ग ते धन, बाकीचे ऋण. अशा म ला वास्तव-संवृत क्षेत्र म्हणतात. त्याचा क्रम क वर उतरवला की क वरही एक क्रम मिळतो.

संयुग्मी इन्व्हॉल्यूशन्स क वर तोच क्रम देतात. उलट क वर कोणताही क्रम घ्या. आर्टिन-श्रायर सांगतात की तो क्रम राखणारी वास्तव-संवृती असते, आणि ती क ला स्थिर ठेवणाऱ्या एकमेव आयसोमॉर्फिझमपुरती एकच असते. यातून मुख्य विधान मिळते:

क वरील क्रम आणि ग(क) मधल्या इन्व्हॉल्यूशन्सचे संयुग्मी वर्ग यांच्यात एकास-एक संगती आहे.

आयसोमॉर्फिझम ‘एकमेव’ असण्याला फार वजन आहे. वास्तव-संवृत क्षेत्राला क स्थिर ठेवणारा, एकक सोडून दुसरा ऑटोमॉर्फिझम नसतो. म्हणून इन्व्हॉल्यूशनशी कम्यूट करणारे घटक दोनच: एकक आणि ते इन्व्हॉल्यूशन स्वतः. यातून एक गोष्ट फुकटात मिळते. क वर क्रम बसत असेल आणि क स्वतः वास्तव-संवृत नसेल, तर ग(क) चे केंद्र क्षुल्लक असते.

हे सगळे एखाद्या उदाहरणात हाताने करून पाहता येईल का?

नक्की, आणि तसे केल्याशिवाय पुढे जाऊच नये असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी सर्वांत चांगले क्षेत्र म्हणजे वास्तव सहगुणकांच्या, य या चलातल्या लॉराँ श्रेणींचे क्षेत्र. त्यातला घटक म्हणजे य च्या घातांची श्रेणी. ऋण घात असले तरी मोजकेच.

याच्या बैजिक संवृतीत संमिश्र सहगुणक येतात आणि य ची सगळी मुळे येतात: वर्गमूळ, घनमूळ, न-वे मूळ. गटात दोन प्रकारच्या हालचाली आहेत. स ही हालचाल य च्या न-व्या मुळाला एकच्या न-व्या मुळाने गुणते, सगळ्या न साठी जुळवून घेऊन. त ही हालचाल सहगुणकांचे संयुग्मन करते आणि य च्या मुळांना हात लावत नाही. आधी त, मग स, मग पुन्हा त केले तर एकच्या मुळाचे संयुग्मन होते, म्हणून तसत हा स चा व्यस्त येतो. स च्या घातांचा गट म्हणजे पूर्णांकांची प्रोफायनाइट संवृती. त तिला उलटी फिरवतो. ग(क) हा या दोघांचा अर्धसरळ गुणाकार, म्हणजे अनंत बाजूंच्या बहुभुजाचा जणू प्रोफायनाइट सममिती-गट.

इन्व्हॉल्यूशन्स शोधू. स चा म-वा घात घेऊन त्याला त ने गुणा (इथे म हा प्रोफायनाइट पूर्णांक). वर्ग केला तर स चा म-वा घात आणि −म-वा घात एकमेकांना खाऊन टाकतात आणि एकक उरते. म्हणजे असा प्रत्येक घटक इन्व्हॉल्यूशन आहे, आणि ती असंख्य आहेत. पण त्यांचे संयुग्मन स च्या ल-व्या घाताने केले की म च्या जागी म + २ल येतो. म्हणून म सम की विषम एवढाच भेद टिकतो. संयुग्मी वर्ग दोन.

क्रम किती? तेही दोन: य ला अतिसूक्ष्म धन मानायचे किंवा अतिसूक्ष्म ऋण. जुळणीही नीट तपासता येते. त हा √य ला हलवत नाही, म्हणून त च्या स्थिर क्षेत्रात य वर्ग आहे आणि य धन. सत हा √य चे चिन्ह बदलतो आणि √−१ चेही बदलतो, म्हणून त्यांचा गुणाकार तसाच राहतो. त्या गुणाकाराचा वर्ग −य, म्हणजे तिथे −य वर्ग आहे आणि य ऋण. गटाला कोणी लहान-मोठेपणा शिकवलेला नाही, तरी य चे चिन्ह तो अचूक सांगतो.

सराव म्हणून दोन चलांच्या पुनरावृत्त लॉराँ श्रेणी घ्या. तिथे चार क्रम आणि चार संयुग्मी वर्ग निघतात.

परिमेय संख्यांवर एकच क्रम आहे. म्हणजे त्यांच्या निरपेक्ष गाल्वा गटात एकच इन्व्हॉल्यूशन आहे का?

नाही, आणि हा गोंधळ फार वेळा होतो. संयुग्मी वर्ग एक आहे, पण त्या वर्गात अगणनीय इन्व्हॉल्यूशन्स आहेत. इन्व्हॉल्यूशनशी कम्यूट करणारे घटक दोनच असल्यामुळे वर्ग जवळजवळ गटाएवढाच मोठा असतो. प्रत्येक इन्व्हॉल्यूशनचे स्थिर क्षेत्र वेगळे, पण ती सगळी क्षेत्रे वास्तव बैजिक संख्यांच्या क्षेत्राशी आयसोमॉर्फिक आहेत. ‘हेच खरे संयुग्मन’ असे बोट ठेवून दाखवण्यासारखे गटात काही नसते; ते दाखवायला बैजिक संवृती संमिश्र प्रतलात नेमकी कशी बसवली ते आधी सांगावे लागते.

इन्व्हॉल्यूशन्सचा संच संवृत असतो का?

हो. ज्यांचा वर्ग एकक येतो अशा घटकांचा संच संवृत असतोच. अडचण एकाच गोष्टीची: त्यातून एकक काढून टाकल्यावर संच संवृत राहील का, की इन्व्हॉल्यूशन्स एककाला वाटेल तितकी जवळ येतील? क ला √−१ जोडून मिळणाऱ्या क्षेत्राचा गट हा दोन निर्देशांकाचा विवृत उपगट आहे, आणि त्यात एकही इन्व्हॉल्यूशन नाही, कारण प्रत्येक इन्व्हॉल्यूशन √−१ ला हलवते. म्हणजे एककाभोवती मोकळी जागा आहेच.

मग संयुग्मनाने भाग दिला की एक कॉम्पॅक्ट, हाउसडॉर्फ, पूर्णपणे विखुरलेले अवकाश मिळते, आणि ते क वरील क्रमांच्या अवकाशाशी होमिओमॉर्फिक असते. क्रमांच्या अवकाशावरची टोपोलॉजी ‘अ ला धन मानणारे सगळे क्रम’ अशा संचांवरून ठरते. थॉमस क्रेव्हन यांनी १९७५ मध्ये दाखवले की असे कोणतेही बूलीय अवकाश कुठल्या ना कुठल्या क्षेत्राच्या क्रमांचे अवकाश म्हणून येतेच.

वास्तव सहगुणकांच्या परिमेय फलांच्या क्षेत्रावर किती क्रम बसतात?

प्रत्येक वास्तव संख्येसाठी दोन, म्हणजे चल तिच्या किंचित उजवीकडे किंवा किंचित डावीकडे. शिवाय धन अनंताजवळ आणि ऋण अनंताजवळ असे आणखी दोन. या क्षेत्राच्या निरपेक्ष गाल्वा गटाची रचना क्रुल आणि नॉयकिर्ख यांनी १९७१ मध्ये मांडली. पुढे डॅन हरान आणि मोशे जार्डन यांनी १९८५ मध्ये तिला ‘वास्तव-मुक्त’ गटांच्या चौकटीत बसवले.

इन्व्हॉल्यूशन असलेला कोणताही प्रोफायनाइट गट निरपेक्ष गाल्वा गट असू शकतो का?

मुळीच नाही. तीन कोटीचा घटक असेल तर गट बाद, म्हणून तीन वस्तूंच्या क्रमपर्यायांचा गट बाद. दोन इन्व्हॉल्यूशन्स कम्यूट करत असतील तर बाद. पूर्णांकांची प्रोफायनाइट संवृती आणि दोन घटकांचा गट यांचा सरळ गुणाकार बाद, कारण तिथे इन्व्हॉल्यूशन सगळ्यांशीच कम्यूट करते. त्याच दोघांचा वर पाहिलेला अर्धसरळ गुणाकार मात्र चालतो.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. कोणत्या तरी गाल्वा विस्ताराचा गट म्हणून प्रत्येक प्रोफायनाइट गट येतो. हे लेप्टिन यांनी १९५५ मध्ये आणि वॉटरहाउस यांनी १९७४ मध्ये दाखवले. प्रश्न अवघड होतो तो विस्तार पार बैजिक संवृतीपर्यंतचा हवा असेल तेव्हा. वर दिलेल्या अटी आवश्यक आहेत, पुरेशा नाहीत, आणि पूर्ण उत्तर अजून कोणालाच सापडलेले नाही.

‘वास्तव-प्रक्षेपी’ गट ही काय भानगड आहे?

आधी साधे प्रक्षेपी गट पाहू. प्रोफायनाइट गट ग वरून सांत गट अ वर नकाशा आहे, आणि दुसरा सांत गट ब हा अ वर आच्छादक नकाशाने जातो. ग चा नकाशा ब पर्यंत उचलता येईल का? प्रत्येक वेळी येत असेल तर ग प्रक्षेपी.

इन्व्हॉल्यूशन असलेला गट प्रक्षेपी असूच शकत नाही. अ हा दोन घटकांचा गट घ्या, ब हा चार घटकांचा चक्रीय गट. ग मधले इन्व्हॉल्यूशन अ च्या एककेतर घटकावर जात असेल, तर ब मध्ये त्याला चार कोटीच्या घटकावर जावे लागेल. पण ज्याचा वर्ग एकक आहे त्याची प्रतिमा चार कोटीची कशी होणार? क्षेत्रांच्या भाषेत याचा अर्थ फार छान आहे: परिमेय संख्यांना √−१ जोडून मिळणारे क्षेत्र परिमेय संख्यांवरच्या चार डिग्रीच्या कोणत्याही चक्रीय विस्तारात बसत नाही. √५ जोडले तर बसते, कारण ५ ही दोन वर्गांची बेरीज आहे. एकची पाचवी मुळे जोडली की असा विस्तार समोरच येतो.

हा अडथळा टाळता येण्याजोगा नाही, म्हणून हरान आणि जार्डन यांनी प्रश्नच नेमका केला. ग मधले जे इन्व्हॉल्यूशन अ मध्ये एककावर जात नाही, त्याच्या प्रतिमेवर ब मधले निदान एक इन्व्हॉल्यूशन बसत असेल, तरच उचलण्याची मागणी करायची. अशी प्रत्येक मागणी पुरी होत असेल आणि इन्व्हॉल्यूशन्सचा संच संवृत असेल, तर ग वास्तव-प्रक्षेपी.

क्षेत्रांच्या बाजूने आलेक्सांडर प्रेस्टेल यांनी १९८१ मध्ये छद्म-वास्तव-संवृत क्षेत्रांचा अभ्यास केला होता. अशा क्षेत्रावर भूमितीचा प्रश्न क्रमांनी पूर्ण सुटतो: निरपेक्ष अविभाज्य बैजिक वक्र किंवा पृष्ठ (किंवा त्याहून मोठ्या मितीचे काही) घ्या, प्रत्येक वास्तव-संवृतीत त्यावर साधा बिंदू असेल तर मूळ क्षेत्रातही बिंदू असतो. १९८५ चे हरान-जार्डन प्रमेय सांगते की या क्षेत्रांचे निरपेक्ष गाल्वा गट म्हणजे नेमके वास्तव-प्रक्षेपी गट, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. या विषयातला हा मला सर्वांत आवडणारा निकाल आहे, कारण यात दोन्ही बाजूंना काही शिल्लक राहत नाही.

अशा क्षेत्राचे ओळखीचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते नववी-दहावीच्या संख्यांपासून फार लांब नाही. ज्या बैजिक संख्येच्या सगळ्या संयुग्मी संख्या वास्तव आहेत तिला पूर्ण-वास्तव म्हणू. √२ पूर्ण-वास्तव आहे. २ चे घनमूळ नाही. पूर्ण-वास्तव संख्यांचे क्षेत्र बनते, आणि ते छद्म-वास्तव-संवृत आहे. गटाच्या बाजूने पाहिले तर परिमेय संख्यांच्या निरपेक्ष गाल्वा गटातली सगळी इन्व्हॉल्यूशन्स मिळून जो संवृत उपगट निर्माण करतात, त्याचे स्थिर क्षेत्र म्हणजे हेच.

फ्रीड, हरान आणि फ्योल्कलाइन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या क्षेत्राचा गट पूर्णपणे ठरवला: दोन-दोन घटकांच्या गटांचा मुक्त प्रोफायनाइट गुणाकार, आणि ते गट कँटर संचाच्या बिंदूंनी ओळीत लावलेले. परिमेय संख्यांचा गट आजही गूढ आहे, पण त्याच्याच पोटातला हा उपगट आपल्याला पूर्ण माहीत आहे. याचा उपयोग लगेच दिसतो. पूर्ण-वास्तव संख्यांवर एखादा सांत गट गाल्वा गट म्हणून येतो की नाही हे पाहायला एकच गोष्ट तपासायची: तो इन्व्हॉल्यूशन्सनी निर्माण होतो का? क्रमपर्यायांचे पूर्ण गट येतात, पाच वस्तूंच्या सम क्रमपर्यायांचा ६० घटकांचा गट येतो. तीन घटकांचा चक्रीय गट येत नाही, म्हणजे या क्षेत्राला तीन डिग्रीचा चक्रीय विस्तारच नाही.

फक्त वर्गमुळे काढत गेलो तर?

मग पूर्ण गटाऐवजी त्याचा सर्वांत मोठा प्रो-२ भागगट (ज्याला घडवणाऱ्या सांत गटांची घटकसंख्या दोनचा घात असते असा) समोर येतो. एबरहार्ड बेकर यांनी १९७४ मध्ये दाखवले की तिथेही इन्व्हॉल्यूशन्स क्रमांशीच बांधलेली असतात. त्यांची स्थिर क्षेत्रे युक्लिडीय असतात, म्हणजे क्रमित आणि प्रत्येक धन घटकाला वर्गमूळ असलेली. क वर क्रम बसत असेल, तर हा भागगट इन्व्हॉल्यूशन्सनी निर्माण होण्याची अट क मध्ये वर्गांची बेरीज नेहमी वर्ग असण्याशी तुल्य आहे. अशा क्षेत्राला पायथागोरीय म्हणतात.

इन्व्हॉल्यूशनमुळे कोहोमॉलॉजीत गाडे का अडते?

दोन घटकांच्या गटाची कोहोमॉलॉजिकल मिती अनंत आहे, म्हणून तो ज्याच्या आत आहे त्या ग(क) चीही अनंत. उपाय सोपा आहे: √−१ जोडून इन्व्हॉल्यूशन्स नसलेल्या उपगटाची मिती मोजायची. हिला आभासी मिती म्हणतात. १९६५ मधल्या सेर यांच्या प्रमेयामुळे ही व्याख्या भक्कम आहे.

ही मिती दोनपेक्षा जास्त नसलेल्या क्षेत्रांवर, अभिजात गटांसाठी, ‘प्रत्येक क्रमाच्या वास्तव-संवृतीत जे खरे ते मूळ क्षेत्रातही खरे’ अशा धर्तीचे तत्त्व इव्हा बायर-फ्लुकिगर आणि आर. परिमला यांनी १९९८ मध्ये सिद्ध केले. परिमला यांची कारकीर्द दीर्घकाळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली. द्विघाती रूपांच्या अभ्यासात कुलाब्याच्या या संस्थेचे नाव जगभर आदराने घेतले जाते, आणि मराठी विद्यार्थ्यांना हे ठाऊक असायला हवे.

हिल्बर्ट यांचा सतरावा प्रश्न याच विषयातला ना?

याच मुळाचा. कुठेही ऋण न होणारी वास्तव बहुपदी परिमेय फलांच्या वर्गांची बेरीज असते का, असा तो प्रश्न. आर्टिन यांनी १९२७ मध्ये क्रमांच्या सिद्धांतावरून ‘हो’ असे उत्तर दिले: जो घटक वर्गांची बेरीज नाही, त्याला ऋण मानणारा क्रम बसवता येतो. बहुपदींच्याच वर्गांवर अडून बसलो तर उत्तर ‘नाही’ येते, याचे पहिले उघड उदाहरण मॉट्झकिन यांनी १९६७ मध्ये दिले.

गट माहीत असेल तर क्षेत्र परत मिळते का?

क्रमांचे अवकाश पूर्ण मिळते, कारण ते गटातूनच वाचता येते. पूर्ण क्षेत्र मिळेलच असे नाही. वास्तव संख्या आणि वास्तव बैजिक संख्या यांचे गट एकच, दोन घटकांचे. क्षेत्रे मात्र आकारानेच वेगळी. तरी एवढे नक्की की गट दोन घटकांचा असेल तर क्षेत्र वास्तव-संवृत असते, आणि टार्स्की यांच्या निकालानुसार सगळी वास्तव-संवृत क्षेत्रे प्रथम-कोटीच्या तर्कभाषेतल्या प्रत्येक विधानाला सारखेच उत्तर देतात.

परिमेय संख्यांच्या सांत विस्तारांबाबत उत्तर आणखी चांगले आहे: नॉयकिर्ख आणि उचिदा यांच्या कामावरून, गट आयसोमॉर्फिक तर क्षेत्रेही आयसोमॉर्फिक. आणि वास्तव-संवृत क्षेत्रांसारखेच प-अॅडिक संख्यांबाबतही खरे ठरले आहे. १९९५ मध्ये योखेन क्योनिग्समान यांनी दाखवले की ज्या क्षेत्राचा निरपेक्ष गाल्वा गट प-अॅडिक संख्यांच्या गटाशी आयसोमॉर्फिक आहे, ते क्षेत्र प-अॅडिक-संवृत असते. तिथे इन्व्हॉल्यूशनचा आधार नाही. −१ च्या जागी मूल्यांकन शोधून काढावे लागते, आणि म्हणूनच ती सिद्धता आर्टिन-श्रायरच्या अर्ध्या पानापेक्षा खूप लांब आहे.